द्राक्षाचा रस आणि मेडिका

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या बीबीत द्राक्षांच्या हातगाड्या दिसू लागतात. अशाच दिवसांत एका विद्यार्थ्याने वर्गात विचारलं, "सर, वाइन हराम, मग द्राक्षाचा रस हलाल कसा?" मनाई नशेला आहे, द्राक्षाला नाही, हे सांगून मी मोकळा झालो. पण रसाला नशेपासून वाचवायचं कसं, याचा इतिहास मोठा आहे.

रस ठेवला की आंबतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी मनुका पाण्यात भिजवून नबीज केला जाई आणि तो तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपलीकडे ठेवत नसत, असं सहीह मुस्लिममध्ये आहे. पुढे शाम देशात हजरत उमर (रजि.) यांनी दोन तृतीयांश आटवलेल्या, काकवीसारख्या दाट रसाला परवानगी दिली. तो टिके, पण ताज्या द्राक्षाची चव त्यात कुठून राहणार?

हा पेच १८६९ मध्ये सोडवला तो एका ख्रिस्ती माणसाने. अमेरिकेतले दंतवैद्य थॉमस वेल्च मेथडिस्ट पंथाचे. चर्चच्या विधीत वाइन नको म्हणून त्यांनी काँकर्ड या एकाच जातीच्या द्राक्षांचा रस बाटल्यांत भरून गरम पाण्यात तापवला. यीस्ट मेलं, आंबणं थांबलं. मूळ शोध पाश्चरचा, वापर वेल्चचा.

आपल्या दख्खनलाही द्राक्ष नवं नाही. दौलताबादला द्राक्षांचे वर्षात दोन बहार येतात, असं इब्न बतूताने चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय. आज जालन्याकडचं कडवंची द्राक्षांसाठीच ओळखलं जातं. मात्र आपली बहुतेक द्राक्षं खाण्याची. थॉमसनचा रस गोड, पण फिकट. लाल वाइनला रंग येतो सालीतून, साल रसाबरोबर आंबवल्यावर. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून 'मांजरी मेडिका' काढली, तिचा गरच लाल. पिळला की लाल रस, आंबवायची गरज नाही. आघारकर संस्थेची एआरआय-५१६ हीसुद्धा रसाला चांगली.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा कारण दिलं शेतकऱ्यांच्या हिताचं. अण्णा हजारेंनी विरोध केला. दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं, पण मेडिकाचं नाव काही माझ्या कानावर आलं नाही. शेतकऱ्याचंच हित बघायचं तर रसाची गोष्ट आधी निघायला हवी होती.

मध्यंतरी जालन्याला गेलो असता दोन दुकानांत मेडिकाचा रस मागून पाहिला. दोन्हीकडे मिक्स फ्रूटचं पाकीट पुढे आलं.