कर्करोगानंतरचे श्रम : विश्रांतीच्या एका सल्ल्याचा इतिहास

कर्करोगाचे उपचार संपवून घरी परतलेल्या माणसाला ‘आता जपून राहा, दगदग करू नका’ असे सांगण्याची रीत इतकी रुळलेली आहे की, या सल्ल्यालाही कोठेतरी आरंभ असला पाहिजे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याचा माग काढला असता असे आढळते की, तो कर्करोगाच्या अभ्यासातून निघालेलाच नव्हता. इतर रोगांच्या चिकित्सेतून तो उसना घेतला गेला आणि मायेपोटी टिकून राहिला. त्याला पहिला धक्का रुग्णांनी आणि परिचारिकांनी दिला, आणि तो का चुकीचा होता याचे शरीरशास्त्रीय स्पष्टीकरण प्रयोगशाळेकडून येण्यास त्यानंतर जवळपास अर्धे शतक लागले. या क्रमाची दखल वैद्यकाच्या इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्रांती हे स्वतंत्र औषध मानले जाऊ लागले. लंडनमधील शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात दिलेल्या व्याख्यानांत दुखावलेल्या अवयवाला पूर्ण स्वस्थता देणे हाच निसर्गाच्या उपचाराला वाट करून देण्याचा मार्ग आहे, असे प्रतिपादन केले, आणि पुढच्या पिढीतल्या डॉक्टरांनी अवयवाला लावलेला हा नियम सबंध माणसाला लावला. फिलाडेल्फियाचे सायलस वीअर मिचेल यांनी थकलेल्या, खिन्न स्त्रियांसाठी काही आठवडे अंथरुणावर पडून राहण्याची, भरपूर दूध पिण्याची आणि अंग रगडून घेण्याची चिकित्सा रूढ केली. क्षयाच्या आरोग्यधामांनी तर विश्रांतीचे घड्याळच लावून दिले. महाराष्ट्रात १९१२ मध्ये पाचगणीला निघालेले बेल एअर हे त्याच परंपरेतले, आणि ‘हवापालट’ हा शब्द मराठी घरांत रुजला तो याच काळात. या श्रद्धेची एक काटेकोर परीक्षा भारतातच व्हावी, हे विशेष आहे: मद्रास शहरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्षयाच्या रुग्णांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला दाटीवाटीच्या वस्त्यांतील आपापल्या घरी तीच औषधे देण्यात आली, आणि कमी विश्रांती, कमी सकस आहार असूनही घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले. क्षयापुरता प्रश्न तेथे निकालात निघाला. कर्करोगाच्या वॉर्डात मात्र जुना नियम तसाच राहिला.

तेथे त्याला आणखी एक आधार होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका ग्रंथी काढून टाकल्या जात. लसिका म्हणजे पेशींच्या फटींत झिरपणारा आणि बारीक वाहिन्यांतून पुन्हा रक्तात परतणारा द्रव; काखेतील ग्रंथी काढल्या की त्याची वाट अडते, तो हातात साचतो आणि हात सुजतो, कधी कधी इतका की सदऱ्याच्या बाहीत मावत नाही. या विकाराला लिम्फिडीमा म्हणतात आणि स्वतः हॉलस्टेड यांनी १९२१ मध्ये त्यावर लिहिले होते. हात सुजू नये म्हणून त्या हाताने काही उचलू नये, बादली धरू नये, मूल कडेवर घेऊ नये, असा नियम पडला. नियम सावधगिरीचा होता, पण त्यामागे प्रयोग नव्हता, आणि त्याची किंमत स्त्रियांच्या खांद्यांनी मोजली. न वापरलेला सांधा आखडत गेला आणि न वापरलेला स्नायू झिजत गेला.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील टेरीझ लासर यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. हात वर कसा करायचा, कधी करायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याला काय सांगायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांना रुग्णालयात मिळाले नाही. म्हणून त्यांनी स्वतःपुरते व्यायाम शोधून काढले आणि त्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्या इतर स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊन ते शिकवायला सुरुवात केली. ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या कामात भेटीला जाणारी स्त्री, जी स्वतः याच शस्त्रक्रियेतून गेलेली असे, आपल्याबरोबर एक लहानशी पिशवी नेत असे: तिच्यात एक रबरी चेंडू, एक दोरी आणि पोलक्यात ठेवण्याचा तात्पुरता कृत्रिम स्तन. चेंडू मुठीत दाबायचा, दोरी दारावरून टाकून तिची टोके दोन्ही हातांत धरायची आणि चांगल्या हाताने ओढून दुखरा हात हळूहळू वर न्यायचा. भिंतीसमोर उभे राहून बोटे एक एक करून वर चढवायची आणि काल जेथवर पोहोचली त्याच्या वर आज नेऊ पाहायची. वैद्यकीय शिक्षण नसलेली एक बाई रुग्णांना हालचालींचे धडे देते, हे अनेक शल्यविशारदांना रुचले नाही, परंतु १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा उपक्रम आपला म्हणून स्वीकारला. व्यायामाबरोबर मनाची उभारी येते हे लासर यांनी कोणत्याही मोजपट्टीशिवाय ओळखले होते, आणि शारीरिक क्षमता व मनःस्थिती यांना एकाच भेटीत हात घालणारी ही बहुधा पहिली संघटित पद्धत होती.

मनाच्या बाजूचे शास्त्र यथावकाश उभे राहिले. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने कर्करोग-रुग्णांसाठी स्वतंत्र मानसोपचार सेवा सुरू केली, आणि खिन्नता, भीती, झोपमोड यांची नोंद ताप आणि नाडीप्रमाणेच घेतली गेली पाहिजे असा आग्रह धरला. १९८५ मध्ये फिट्झह्यू मलन या डॉक्टरांनी, ज्यांना स्वतःला ऐन तारुण्यात छातीतील कर्करोग झाला होता, एका लेखातून असे मांडले की, ‘बरा झाला’ आणि ‘बरा झाला नाही’ एवढ्या दोनच खणांत रुग्णांना टाकता येत नाही. उपचार संपल्यावर एक लांब काळ येतो, ज्यात रोग परतण्याची भीती आणि अशक्त झालेले शरीर यांच्यासह जगावे लागते, आणि या काळाचा अभ्यास कोणी करत नाही. ज्यांना आज कर्करोगातून तरलेले असे म्हटले जाते, त्यांचा एक वेगळा समुदाय म्हणून विचार करण्यास येथून बळ मिळाले.

या समुदायाची सर्वांत मोठी तक्रार थकव्याची होती, आणि हा थकवा नेहमीच्या दमण्यापेक्षा निराळा होता. रात्रभर झोपूनही तो उतरत नसे, आणि कित्येकांना उपचार संपून वर्षे लोटल्यावरही तो सोडत नसे. विश्रांती घ्या, हाच त्यावरचा सल्ला असे. ओहायो स्टेट विद्यापीठातील परिचारिका-संशोधक मॅरिल विनिंगहॅम यांनी याला प्रथम पद्धतशीर आव्हान दिले. मेरी मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी केमोथेरपी सुरू असलेल्या स्त्रियांना जागेवरच्या सायकलवर बसवले. काही वेळ जोराने पायडल मारायचे, मग जोर कमी करून दम खायचा, पुन्हा वाढवायचा, आणि या सगळ्या वेळात नाडीवर लक्ष ठेवायचे, अशी ती रीत होती. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्तनाच्या कर्करोगाच्या ४५ स्त्रिया होत्या. एका गटाने आठवड्यातून तीनदा असे दहा आठवडे सायकल चालवली, दुसऱ्याने फक्त अंग ताणण्याचे हलके प्रकार केले आणि तिसऱ्याने नेहमीचा दिनक्रम ठेवला. पहिल्या गटाची शारीरिक कार्यक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. आकड्यापेक्षाही महत्त्वाचे हे की, ज्या औषधांनी माणूस अंथरुणाला खिळतो असे सगळे गृहीत धरत होते, ती औषधे अंगात असतानाच ही वाढ झाली होती. हा शोध परिचर्येच्या नियतकालिकांत छापला गेला, जी कर्करोगतज्ज्ञ फारशी वाचत नसत, आणि त्याचा परिणाम व्हायला लागलेल्या विलंबाचे हे एक कारण मानावे लागते.

१९९० च्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फर्नांडो डिमेओ यांनी तीव्र केमोथेरपीतून गेलेल्या रुग्णांकडून व्यायाम करून घेऊन असेच निष्कर्ष काढले. सुजणाऱ्या हाताची भीती मात्र व्हँकुव्हरमध्ये मोडली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना तयारी करून ड्रॅगन बोट या लांबट चिनी होडीत बसवले, कारण वल्हवण्यात खांदा, दंड आणि पाठ यांना सतत आणि जोराचे श्रम पडतात, आणि नेमके तेच श्रम या स्त्रियांना वर्ज्य होते. एकीचाही हात नव्याने सुजला नाही. पुढे कॅथरीन श्मिट्झ यांनी आधीच सुजलेल्या हाताच्या १४१ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग केला आणि २००९ मध्ये दाखवून दिले की, हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही. उलट सूज एकाएकी बळावण्याचे प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांत २९ टक्के, तर करणाऱ्यांत १४ टक्के होते. हॉलस्टेड यांच्यानंतर जवळपास शंभर वर्षे पाळलेला नियम असा निराधार ठरला.

विश्रांतीने हा थकवा का उतरत नाही आणि श्रमांनी शरीर का सावरते, या प्रश्नाचे उत्तर दाहाच्या अभ्यासातून मिळू लागले. दाह म्हणजे जखम किंवा जंतुसंसर्ग यांना शरीराने दिलेला प्रतिसाद, ज्यात पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात आणि त्यांच्या सांगण्यावरून इतर पेशी कामाला लागतात. कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी आढळतात हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते, आणि रक्तातील दाह मोजण्यासाठी आज वापरले जाणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले होते. परंतु दाहाचा मनाशी संबंध असू शकतो, हे विसाव्या शतकाच्या शेवटी कळले. आजारी जनावर चारा सोडते, कळपापासून दूर कोपऱ्यात बसते, हालचाल टाळते. ही नुसती दुर्बलता नसून सायटोकाइननी मेंदूला दिलेल्या निरोपाचा परिणाम आहे, असे रॉबर्ट डँझर आदी संशोधकांनी सिद्ध केले. खिन्न माणसाचे वर्णन याहून फारसे वेगळे नसते. लॉस एंजलिसच्या ज्युलिएन बाऊअर यांनी २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून तरलेल्या थकलेल्या आणि न थकलेल्या स्त्रियांच्या रक्ताची तुलना केली, तेव्हा थकलेल्यांत दाहाच्या खुणा अधिक सापडल्या. रोग गेला होता, पण शरीर अजून आजारी असल्यासारखे वागत होते, आणि हा थकवा शक्ती सरल्याचा नसल्यामुळे पडून राहून शक्ती साठवण्याने तो जाण्यासारखा नव्हता.

व्यायाम येथे कसा उपयोगी पडतो, हे कोपनहेगनच्या बेन्टे क्लारलुंड पेडरसन यांच्या संशोधनाने उलगडले. स्नायू आकुंचन पावताना इंटरल्यूकिन-६ हा सायटोकाइन रक्तात सोडतो, असे २००० च्या सुमारास त्यांच्या गटाला आढळले. आधी हे कोड्यात टाकणारे वाटले, कारण हाच रेणू दाहाचा खूण-रेणू मानला जात होता. परंतु स्नायूतून थोड्या वेळापुरता सुटलेला इंटरल्यूकिन-६ आपल्यामागून दाह शमवणारे रेणू आणतो, तर दिवसरात्र मंदपणे वाहत राहणारा तोच रेणू दाहाची साथ करतो, असा भेद पुढे स्पष्ट झाला. स्नायू ही हाडे हलवणारी यंत्रणा असून शिवाय रसायने सोडणारी ग्रंथीही आहे, ही कल्पना तेथून पुढे आली.

या टप्प्यावर हा इतिहास पुण्याशी येऊन जुळतो. १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून योग शिकवायला आलेले बी. के. एस. अय्यंगार तेथेच स्थायिक झाले, आणि आजारी, वृद्ध, ताठर शरीराच्या माणसांनाही आसने करता यावीत म्हणून त्यांनी खुर्ची, लोड, पट्टा, भिंतीत अडकवलेल्या दोऱ्या अशा साधनांची पद्धत विकसित केली. बाऊअर यांनी आपल्या थकलेल्या रुग्णांसाठी नेमकी हीच पद्धत निवडली, कारण साधनांवर देह टेकवून उलटी व पाठीच्या बाकाची आसने करता येतात आणि थकलेल्याला दम लागत नाही. बारा आठवड्यांनी थकवा घटला आणि पांढऱ्या पेशींत दाह चेतवणाऱ्या जनुकांची क्रिया मंदावली, जरी रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन होते तितकेच राहिले. ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी २०० स्त्रियांवर केलेल्या योगाच्या प्रयोगात (२०१४) थकवा आणि दाहाच्या खुणा घटल्याचे वर्ग संपल्यानंतर तीन महिन्यांनी दिसून आले. धीर धरणाऱ्यालाच फळ दिसते, असे या परिणामांचे स्वरूप आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयानेही स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर योगाची मोठी चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियोच्या स्तन-कर्करोग परिषदेत मांडले.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये ‘निष्क्रिय राहू नका’ हा मुख्य संदेश दिला होता. २०१९ पर्यंत आठवड्यातून तीनदा प्रत्येकी अर्धा तास मध्यम वेगाचा व्यायाम थकवा, चिंता आणि खिन्नता यांच्यावर उपयोगी पडतो, असे मात्रेसह सांगण्याइतका पुरावा जमला. त्यापुढचा प्रश्न आयुष्य वाढते का हा होता. २००९ मध्ये प्रामुख्याने कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या एका चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेल्या ८८९ जणांची निवड करण्यात आली. निम्म्यांना व्यायामाची पुस्तिका देण्यात आली, आणि निम्म्यांना तीन वर्षे एका सल्लागाराने नियमित भेटून हालचाल वाढवायला लावले, जी बहुतेकांच्या बाबतीत आठवड्यातून तीन-चार वेळा झपझप चालण्याएवढी होती. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार आठ वर्षांनी पहिल्या गटातील ८३.२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ९०.३ टक्के लोक हयात होते. हाडे आणि स्नायूंच्या दुखापती व्यायाम करणाऱ्यांत अधिक झाल्या, १८.५ टक्के विरुद्ध ११.५ टक्के, म्हणून रुग्णाला चालण्याचा सल्ला देऊन मोकळे होण्यापेक्षा त्याच्या सोबतीला जाणता प्रशिक्षक किंवा फिजिओथेरपिस्ट देणे ही कर्करोग-रुग्णालयांची जबाबदारी ठरते, आणि ती पार पाडण्यासाठी लागणारी माणसे भारतातील फारच थोड्या रुग्णालयांत आहेत.