गिरणीची जमीन कुणाची? जुन्या मिलपासून आपल्या प्लॉटिंगपर्यंत

सोलापुरात रिक्षावाल्याला आजही 'जुनी मिल' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गिरणी जाऊन साठेक वर्षं होत आली, भोंगा कधीचा थांबला, पण पत्त्यातला 'मिल कंपाउंड' काही जात नाही. बंद गिरण्यांच्या जागेवर घरं बांधायची, तर त्यात कामगाराचं आणि गावाचं काय, हा प्रश्न मुंबईइतकाच आपल्या जिल्ह्याचाही आहे. त्याचा इतिहास जरा नीट मांडतो.

मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने 1874 मध्ये 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' उभी राहिली आणि 1877 पासून गिरणी चालू झाली. हीच जुनी मिल. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. दुष्काळी खेड्यांतला माणूस, तेलंगणातला विणकर, कर्नाटकातला मजूर, सगळे एका भोंग्यावर उठू लागले. गिरणीभोवती चाळी झाल्या, चाळीत तालमी झाल्या, गणपतीचे मेळे, लेझीम, भजनं सुरू झाली. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं आणि 12 मे रोजी मार्शल लॉ लागला, त्या उठावातही गिरणी कामगार पुढे होता.

शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख गिरणीत राबलेले. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक गाजवलं. म्हणजे गिरणीच्या जमिनीवर नुसतं कापड निघत नव्हतं, गाणंही निघत होतं. त्यासाठी वेगळं सभागृह कुणी बांधून दिलं नव्हतं. चाळीचा चौक पुरेसा होता.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. ऑगस्ट 1949 मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला, मग त्याचा कायदा केला. कारण काय दिलं? गैरकारभारामुळे जीवनावश्यक मालाचं उत्पादन घटलंय आणि मोठी बेकारी आलीय. एका भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. डिसेंबर 1950 मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली. पण दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात डिसेंबर 1953 मध्ये निकाल फिरला. भरपाई न देता मालमत्ता ताब्यात घेतली म्हणून तो कायदा घटनाबाह्य ठरला. 1955 ची चौथी घटनादुरुस्ती झाली, तिच्यामागे ज्या निकालांची पार्श्वभूमी होती त्यात हा सोलापूरचाही होता. कायद्याचे विद्यार्थी हे खटले आजही अभ्यासतात.

यातून मला एकच दिसतं. गिरणी अडचणीत होती तेव्हा ती सगळ्या समाजाची होती. जमिनीला भाव आला तेव्हा ती एकट्या मालकाची झाली.

मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून मावळल्या. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तोडगा चांगला होता: जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक वाटा घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करा म्हणून सांगितलं. पण 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी आता फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन वगळून. गिरणीत रिकामी जमीन असते किती? 2005 मध्ये उच्च न्यायालयाने हे अडवलं, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम कायम केला. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखाच्या घरात. त्यांना शेलू-वांगणीला घरं देऊ केली, तेव्हा 'मुंबईतच घर द्या' म्हणत लोक मोर्चाने आझाद मैदानात आले.

सांस्कृतिक जागेचं तेच. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 पासूनचं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत उभारलेलं. 2023 मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं आणि पूर्वीएवढं नाट्यगृह परत मिळावं म्हणून कलावंतांना आंदोलन करावं लागलं.

सोलापुरात लक्ष्मी-विष्णू मिलच्या जागेत आज निवासी इमारती आहेत. शहराच्या मध्यात घरं झाली, त्याला विरोध नाही. पण विडी आणि यंत्रमाग कामगारांची हजारो घरं झाली ती शहराबाहेर कुंभारीत. आधी 2006 ची गोदूताई परुळेकर वसाहत, मग रे नगर, जिथे जानेवारी 2024 मध्ये 15,000 घरांचं वाटप झालं. संघर्ष करून मिळवलेली घरं आहेत, अभिमानच आहे. तरी प्रश्न राहतोच: मध्यातली जागा मोकळी झाली तेव्हा कामगार कुठल्या नकाशात होता?

काही जण म्हणतील, मालकाची जमीन, मालक बघेल. पण तिचा भाव वाढला तो भोवती शहर उभं राहिलं म्हणून. त्या शहरात कामगाराचा घाम आहे, पालिकेचं पाणी आहे, रस्ता आहे. मग वाढलेल्या भावातला थोडा वाटा एखाद्या सभागृहाला, वाचनालयाला, मैदानाला मागितला तर ती भीक नव्हे.

आणि मंडळी, टेंभुर्णीकरांनी हे का वाचायचं? कारण हायवेच्या दोन्ही अंगाला आपल्याकडे प्लॉटिंग जोरात आहे. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. मुंबईत नियमातल्या एका बदलाने शेकडो एकरांचं चित्र पालटलं. आपल्याकडे नियम शाबूत आहे, पण ती जागा कागदावर राहते की जमिनीवर, हे बघणारं कुणी हवं. आपापल्या लेआउटचा मंजूर नकाशा काढा. ओपन स्पेस कुठे दाखवलीय आणि आज तिथे काय आहे, ते कमेंटमध्ये फोटोसह टाका. सगळ्यांची यादी करू आणि ग्रामसभेत एकत्र ठेवू.