पुलाचें वय आणि पुलाचें ओझें

जुना पूल डागडुजी करून राखावा कीं पाडून नवा बांधावा, हा प्रश्न निघाला कीं लोक आधीं पुलाचें वय विचारतात. वय हें या बाबतींत फार कच्चें प्रमाण होय. बोरघाटाचा रेल्वेमार्ग 1863 सालीं खुला झाला, आणि चारच वर्षांनीं, 1867 च्या जुलैंत, त्यावरील एक मोठा दगडी कमानींचा पूल ढांसळला. गवंडीकाम निकृष्ट होतें. म्हातारपणाचा तेथें संबंध नव्हता.

लातूरची गोष्ट निराळी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराची बार्शी लाइट रेल्वे 1897 सालीं सुरू झाली व 1911 त लातुरास पोंचली. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट, आणि कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हा कॅलथ्रॉपचा दंडक. त्यामुळें रूळ हलके चालले, पूलही बेताचे पुरले. गरीब मुलुखांत आगगाडी स्वस्तांत आणण्याची ही युक्ति आम्हांस आजही वाखाणण्याजोगी वाटते. पुढें 2007-08 च्या सुमारास रुंदीकरण होऊन नवा मार्ग धाराशिववरून वळला, तेव्हां हे पूल आदल्या दिवशीं बांधलेले असते तरी निरुपयोगीच ठरले असते. वरून जाणारी गाडीच बदलली होती.

नांदेडवरून जाणाऱ्या निजामी अमदानींतल्या मार्गासारख्या मीटर गेजच्या वाटांवर निर्णय अधिक नाजूक असतो. खांबांचा दगड व पाया तपासावा. तो खोल व निर्दोष निघाला तर खांबास काँक्रीटचें वेष्टण घालून, वाहतूक कांहीं तास थांबवून, वरच्या लोखंडी तुळयाच तेवढ्या बदलतां येतात. पाया उघडा पडला असेल तर मात्र वरच्या रंगरंगोटीवर पैसा घालणें आम्हांस अक्षम्य वाटतें. अशा वेळीं जुन्या पुलावरून हळू गाड्या चालवीत शेजारीं नवा उभारणें, हाच खर्चिक पण सरळ मार्ग.

2016 च्या एप्रिलांत लातूर पाण्याविना तळमळत असतां मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेस दहा टाक्या होत्या, प्रत्येकींत सुमारें 50 हजार लिटर. टाकीचें वजन सोडून नुसत्या पाण्याचाच भार दर आसावर साडेबारा टन. कॅलथ्रॉपच्या पुलांवरून ती गाडी आणतां आली नसती.