उतारावर थांबलेले चाक

सन १८३० च्या नोव्हेंबर महिन्याच्या १० तारखेला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा नवा रस्ता चाकाच्या गाड्यांसाठी खुला केला, तेव्हा कोकण आणि देश यांच्यामधली जी मालवाहतूक शतकानुशतके बैलांच्या पाठीवर, हमालांच्या डोक्यावर आणि भोयांच्या खांद्यावर चालत आली होती, ती मोठ्या प्रमाणावर आखावर आणि चाकावर आली. आणि तिच्यासमवेत घाटात एक असा प्रश्न येऊन उभा राहिला, जो लमाणांच्या तांड्यांना कधी पडलाच नव्हता. ओझ्याचा बैल चढावर दमला की उभा राहतो, आणि एकदा उभा राहिला म्हणजे जागचा हलत नाही. चाकाला मात्र स्वतःचे असे उभे राहणे ठाऊक नाही. ज्या गुणामुळे ते सपाटीवर खंडोगणती भार लीलया वाहून नेते, त्याच गुणामुळे उतारावर ते अहोरात्र खाली जाण्याच्या तयारीत असते, आणि त्याला जे काही अडवून धरलेले असते ते सुटण्याचीच काय ती खोटी असते. उतारावर उभी केलेली गाडी विसावलेली नसते, ती धरून ठेवलेली असते, हे सत्य घाटाने प्रथम गाडीवानाला शिकविले, पुढे आगगाडीच्या यंत्रज्ञांना शिकविले, आणि मोटारवाल्यांना ते आजही अधूनमधून मोठी किंमत वसूल करून शिकवीत असतो.

गाडीवानाचा उपाय साधा होता, आणि साधा असूनही त्यात पुष्कळ शहाणपण होते. खोपोलीस, जेथे नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे, तेथे पाणी पिऊन घाट चढू लागलेल्या भरल्या गाडीला जादा बैलजोडी जुंपावी, आणि गाडीच्या मागून एका माणसाने हातात दगड किंवा लाकडाचा ठोकळा घेऊन चालावे. बैल थबकले की तो दगड त्याने तत्क्षणी चाकामागे सारावा, म्हणजे बैलांच्या मानेवरचा ताण उतरे आणि त्यांना चार श्वास घेता येत. कोणताही दगड या कामाला चालत नाही. गोल गोटा चाकाच्या रेट्यासरशी स्वतःच गडगडू लागतो. पाहिजे असतो तो खाली सपाट, वर उतरता आणि जमिनीशी घट्ट बसणारा. तो चाकाला अगदी भिडवून लावावा लागतो, कारण दगड आणि चाक यांच्यात चार बोटांचे अंतर राहिले, तर तेवढ्या अवकाशात गाडीला जो वेग येतो तो पुष्कळदा दगड ओलांडून जाण्यास पुरेसा होतो. शिवाय तो दोन्ही चाकांना लावावयाचा, नाहीतर एक चाक अडते, दुसरे फिरते आणि गाडी आडवी होऊन रस्त्याबाहेर जाऊ पाहते. हे सारे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आले, आणि यंत्रशास्त्राच्या कसोटीवर त्यातले काहीही चुकीचे ठरत नाही.

त्याच घाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी आखलेल्या या चढणीवर सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट इतका होता. ज्या कंत्राटदाराने, म्हणजे सॉलोमन ट्रेडवेल याने, १८५९ साली हे काम अंगावर घेतले, तो त्याच वर्षी मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते तडीस नेले, ही हकीकत आपल्याकडे जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. घाट उतरणारी गाडी ताब्याबाहेर गेली तर तिला पकडण्यासाठी मुख्य मार्गापासून फुटून डोंगराच्या चढावर जाणारे रूळ येथे घातले गेले. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. त्यांचे सांधे सर्वसाधारण स्थितीत त्या चढत्या रुळांकडेच वळलेले असतात. उतरणारी गाडी जागच्या जागी पूर्ण थांबली, म्हणजेच तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले, तरच सांधा फिरवून तिला पुढची वाट मोकळी करून दिली जाते. घाटात विश्वास हा गृहीत धरावयाचा नसून दर खेपेस मिळवावयाचा आहे, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे लोखंडात उतरविलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८७० नंतरच्या काही वर्षांत आपला हवेचा ब्रेक स्वयंचलित केला तोही याच विचाराने: नळी तुटली, डबा सुटला, हवा गेली, तर ब्रेक सुटावयाचे नाहीत, उलट ते लागावयाचे. आज घाट चढणाऱ्या मोठ्या मालमोटारीचा उभे राहण्याचा ब्रेक याच जातीचा असतो. त्यातील ब्रेक भक्कम स्प्रिंगच्या जोरावर लागलेला असतो आणि तो सोडविण्यासाठी हवेचा दाब खर्ची पडतो. हवा निघून गेली तरी गाडी धरलेलीच राहते.

लहान मोटारीच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही, आणि याचे कारण तिच्या जन्मकथेत आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ ही बाई, पती कार्ल याला न सांगता, आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्टसहाइमला मोटार घेऊन गेली, तेव्हा चढावर गाडी ढकलावी लागली आणि उतारांवर लाकडी ब्रेक इतके झिजले, की वाटेतल्या एका गावच्या चांभाराकडून तिने त्यांवर कातडे ठोकून घेतले. पुढे १८९७ साली इंग्लंडातल्या डर्बीशायर या डोंगराळ परगण्यात हर्बर्ट फ्रूड याने घोडागाड्यांची उतारावरची दैना पाहून घर्षणासाठी खास अस्तरे बनविण्याचा जो उद्योग मांडला, त्यातून फेरोडो हे नाव जगभर पसरले. तोपर्यंत ब्रेक हा सर्वस्वी दांडे आणि तारा यांचा मामला होता. तरीही एकावर विसंबून चालणार नाही हे सरकारदरबारी पहिल्यापासून मान्य झालेले होते. १९०४ च्या ब्रिटिश नियमांनी मोटारीला परस्परांपासून स्वतंत्र असे दोन ब्रेक असलेच पाहिजेत असा हुकूम केला. त्या दोहोंपैकी एक पायाच्या वाट्याला आला, दुसरा हाताच्या. १९०८ पासून निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत डाव्या हाताचा दांडा मागे ओढला की मागच्या चाकांचे ब्रेक लागत आणि त्याच हालचालीत क्लचही सुटत असे, आणि तिच्या गिअरांची रचनाच अशी होती, की गाडी गिअरमध्ये टाकून उभी करण्याची सोय तीत नव्हतीच. जे काही धरावयाचे ते त्या एका दांड्याने.

हातब्रेकाचे खरे महत्त्व वाढले ते पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालू लागल्यानंतर, म्हणजे १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीपासून पुढे. तेलाचा दाब हा चालत्या गाडीला थांबविण्यास उत्कृष्ट साधन आहे, पण रात्रभर धरून ठेवण्यास नालायक आहे. रबराच्या वायसरातून तो हळूहळू पाझरतो, आणि पहाटे तीन वाजता पेडलवर कोणाचाच पाय नसतो. म्हणून उभ्या गाडीचा ब्रेक निव्वळ यांत्रिक साधनाने धरलेला असावा, असा दंडक युरोपीय राष्ट्रांच्या संयुक्त नियमावलीत आजही कायम आहे. मोटारीसाठी त्या नियमावलीने घातलेली कसोटी अशी, की पूर्ण भरलेली गाडी २० टक्के उतारावर, म्हणजे १०० फूट अंतराला २० फूट उतरणाऱ्या रस्त्यावर, तोंड वर असो वा खाली, हातब्रेकाने जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. १,२०० किलोग्रॅम वजनाची गाडी अशा उतारावर सुमारे २३५ किलोग्रॅमच्या ओढीने खाली जाऊ पाहत असते. ती ओढ एका तारेने, दोन कवड्यांनी (ब्रेकच्या शूंनी) आणि एका दातेरी पट्टीत अडकलेल्या लहानशा खिट्टीने रात्रंदिवस तोलून धरावयाची आहे, हे दांडा ओढताना क्षणभर मनात आणावे.

हा ब्रेक दगा देतो तो बहुधा हळूहळू देतो. नवी असताना जी तार पाचसात दातांत ताठ होते, ती वर्ष-दोन वर्षांत लांबते, अस्तरे झिजतात आणि दांडा छतापर्यंत वर आला तरी चाक पुरते धरले जात नाही. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तारेच्या आवरणात पाणी शिरते, आतली तार गंजते आणि मग ब्रेक एका चाकाला लागतो, दुसऱ्याला लागत नाही. कधी याच्या उलट घडते, चार दिवस उभ्या गाडीच्या कवड्या ब्रेकच्या डब्याला (ड्रमला) चिकटून बसतात आणि हँडब्रेक सुटता सुटत नाही. म्हणूनच पावसाळ्यात सपाट अंगणात गाडी नुसती गिअरमध्ये टाकून आणि चाकांना ठोकळा लावून ठेवण्याची पद्धत तिकडे रूढ आहे, आणि सपाटीपुरती ती योग्यही आहे. तबकडीचे ब्रेक असलेल्या गाड्यांत आणखी एक सूक्ष्म धोका असतो. घाट उतरून तापलेली तबकडी गाडी उभी केल्यावर निवू लागते, निवताना तिची जाडी केसभर घटते, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारी पकड तेवढ्याने सैल पडते; चालक निघून गेलेला असतो, गाडी दहापंधरा मिनिटे निमूट उभी असते, आणि मग कोणी हात न लावता चालू लागते. अशा गाडीचा हँडब्रेक घाटातून आल्यावर एक-दोन दात अधिक ओढावा, हा सल्ला यासाठी आहे. जुन्या विलिस जीपमध्ये तर हातब्रेक चाकांवर नसून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर होता. त्याची पकड जबरदस्त असे, पण मागचे एक चाक जॅकने उचलले, की डिफरन्शियलच्या गुणाने ते अधांतरी चाक उलटे फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळे करी, आणि उतारावर पंक्चर काढावयास बसलेल्या माणसावरच गाडी येई. ज्यांनी जीपगाड्या डोंगरात चालविल्या, त्यांना हे कोणी सांगावे लागत नसे.

यामुळेच गिअरची गाडी चालविणाऱ्यांनी दुहेरी बंदोबस्ताची रीत पाडली. इंजिन बंद असताना गाडी गिअरमध्ये ठेवली, तर चाकाला फिरावयाचे म्हणजे इंजिनातली हवा दाबावी लागते, आणि तो विरोध पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये भरपूर असतो. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, असा प्रघात आहे. परंतु दबलेली हवाही पिस्टनच्या रिंगांमधून निसटते. जुन्या, झिजलेल्या इंजिनाची गाडी नुसत्या गिअरवर तीव्र उतारावर सोडली, तर ती थांबून थांबून एकेक हिसका देत खाली सरकते. तेव्हा गिअर हा ब्रेकाचा जामीन आहे, त्याच्या जागी येणारा नव्हे. क्रमही महत्त्वाचा आहे. पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलमध्ये असतानाच पाय हलकेच उचलून सगळा भार त्या तारेवर येऊ द्यावा आणि ती धरते की नाही हे आपण गाडीत बसलेलो असतानाच पाहावे. त्यानंतर पुन्हा पाय दाबून गिअर टाकावा व इंजिन बंद करावे. घाई करणारा मनुष्य प्रथम गिअर टाकतो, आणि मग ब्रेक धरत होता की गिअर, हे त्याला कधीच कळत नाही.

तिसरा जामीन म्हणजे वळविलेले पुढचे चाक. सॅन फ्रान्सिस्को शहरात ३ टक्क्यांहून अधिक उतारावर गाडी उभी करताना चाके कडेच्या दगडाला अडतील अशी वळविलीच पाहिजेत असा कायदा आहे, आणि तेथे फिल्बर्ट रस्त्याचा एक तुकडा ३१.५ टक्के उतरतो हे लक्षात घेतले म्हणजे त्या कायद्याचे नवल वाटत नाही. आपण डावीकडून चालणारे. आपल्या रस्त्यावर तोंड उताराकडे असेल तर चाके डावीकडे वळवावीत. तोंड चढाकडे असून कडेला फुटपाथाचा दगड असेल तर उजवीकडे, म्हणजे मागे घरंगळताना टायरची मागची बाजू दगडाला टेकते. दगड नसेल तर तेथेही डावीकडेच. घाटात मात्र या सर्वांच्या वर एक नियम आहे: सुटलीच गाडी तर ती डोंगराला भिडली पाहिजे, दरीकडे जाता कामा नये. म्हणून दरीच्या अंगाला गाडी उभी करूनच नये. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका असून जाणारे-येणारे चालक तेथे नाणे वाहतात. श्रद्धेपोटी तेथे क्षणभर उतरणाऱ्यानेसुद्धा हे तिन्ही बंदोबस्त करूनच उतरावे, असे मला कळकळीने वाटते, कारण उताराला क्षण आणि रात्र यांतला भेद कळत नाही.

अलीकडच्या गाड्यांत दांडा जाऊन बटण आले आहे. २००१ साली बीएमडब्ल्यूच्या मोठ्या मोटारीत ते प्रथम दिसले आणि आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत पोहोचले. विजेची लहान मोटर स्क्रू फिरवून कवड्या आवळते, वीज गेली तरी स्क्रू जेथल्या तेथे राहतो, आणि काही रचनांत तबकडी निवल्यावर तो पुन्हा आपणहून आवळलाही जातो. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे स्वागत केले पाहिजे. चढावर गाडी मागे न सरकू देणारी युक्ती तर त्याहून जुनी, १९३६ च्या स्टुडेबेकर मोटारीतली. पण ती चालक जागेवर असतानाच उपयोगाची.

आणि एवढे सर्व होऊनही घाटातल्या चालकाचा अखेरचा भरवसा दगडावरच राहिला आहे. मालमोटार बंद पडली की क्लीनर प्रथम उडी मारतो तो दगडासाठी, आणि त्यात तो योग्य तेच करतो. अनर्थ होतो तो गाडी निघाल्यावर. ती चढाला लागली की थांबून दगड उचलण्याची सोय नसते, तो वळणावर तसाच पडून राहतो, आणि रात्री मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळतो. पूर्वी दगड लावणारा माणूस गाडीमागून पायी चाले आणि तोच तो उचलून घेई; आज तो माणूस गाडीत बसून निघून जातो. दोरी बांधलेला लाकडी ठोकळा प्रत्येक जड वाहनाने बाळगावा, म्हणजे गाडी सुटताच तो दोरीसरशी मागे येतो. आणि आमच्या जुन्या घाटरस्त्यांच्या चौक्यांवर असे ठोकळे मागताक्षणी मिळण्याची तजवीज सार्वजनिक बांधकाम खात्याने करावी. खर्च अगदी किरकोळ आहे आणि लाकूड लागेल ते हातभर.