साडेतीनाचा पाढा

जाफराबादच्या बाजारात एके काळी दोन रुपये चालायचे. एक निजामाचा हाली शिक्का, दुसरा इंग्रजांचा कलदार. गाव निजामाच्या मुलखात, पण तालुक्याची शीव बुलढाण्याला म्हणजे वऱ्हाडाला भिडलेली, आणि वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे. खामगावला कापूस घालून आलेल्या माणसाच्या कमरेला कलदार असायचे आणि घरी सारा भरायचा तो हालीत. सरकारी भाव असा की शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. आकडा आडमुठा वाटतो, पण त्याच्या पोटात सहाला सात एवढाच हिशेब आहे. कलदारात सहावा हिस्सा मिळवला की हाली, हालीतून सातवा हिस्सा काढला की कलदार.

माझे आजोबा, आमचे आबा, जाफराबादला एका अडतीवर मुनीम होते. त्यांच्या तोंडून हे ऐकताना प्रत्येक वेळी नवा ऐवज निघायचा. माणूस ओटा चढून वर येईपर्यंत आपला हिशेब झालेला असायचा, अशी त्यांची फुशारकी. आत्या आतून ओरडायची, "ओटा सात पायऱ्यांचा व्हता म्हणून!" फुशारकी वजा केली तरी एक गोष्ट उरते. आबा हिशेब करत नसत, आठवत असत. पुढे संगणकाची रचना शिकताना मला वारंवार आबांच्या या आठवण्याकडे यावं लागलं.

त्यांच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असे. एक ते तीस पाढे ही नुसती सुरुवात. त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. अपूर्णांकांचे एवढे पाढे पाठ करून घेण्यामागे छळ नव्हता, बाजार होता. मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा. चाळीसला सोळाने भागा, अडीच येतात. म्हणून आबांचा गुर, म्हणजे हिशेबाची युक्ती, अशी, की मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. ज्वारी मणाला नऊ रुपये असली तर अडीच शेरांचे नऊ आणे, आणि मग दहा शेर, पंधरा शेर सगळं अडीचकीवर घसरत यायचं. शेराला सोळा छटाक, तेव्हा शेराचे जितके रुपये तितके छटाकाचे आणे. कागद लागतोच कुठे?

जाफराबादजवळच्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजांची लढाई झाली, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कमी लोकांना ठाऊक असतं ते हे, की याच वेलस्लीच्या तेहतिसाव्या पलटणीतला विल्यम लॅम्बटन नावाचा अधिकारी १८०२पासून मद्रासकडून हिंदुस्थान मोजत वर निघाला होता. मोजता मोजता तो १८२३मध्ये हिंगणघाटला वारला. त्याच्या मागे चालू राहिलेल्या त्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कम्प्यूटर’ या पदावर माणसं नेमत. १८३१मध्ये तिथे लागलेले राधानाथ सिकदार त्यांतले सर्वांत नावाजलेले, एव्हरेस्टच्या उंचीच्या गणितामुळे. ही माणसं छापील लॉगरिथमच्या कोष्टकांवर काम करत. मोठा गुणाकार टाळायचा, कोष्टकातून दोन आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि पुन्हा कोष्टकात शिरायचं. आबांची औटकी आणि ही कोष्टकं एकाच जातीची. कुणीतरी एकदा कष्टानं गणित करून ठेवलं, बाकीच्यांनी फक्त बघायचं.

अडचण एकच, ठेवलेलं चुकीचं असलं तर? कोष्टकं माणसं बनवत, माणसं छापत, आणि दोन्हींकडे चुका होत. चार्ल्स बॅबेज हा इंग्रज गणिती नेमका याच चुकांना वैतागला होता. १८२२मध्ये त्यानं कोष्टकं बनवणाऱ्या यंत्राचा एक छोटा नमुना करून दाखवला. त्यामागची युक्ती पाढे पाठ केलेल्या कुणालाही पटेल. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. त्यांच्यातली अंतरं ३, ५, ७, ९. त्या अंतरांतलं अंतर प्रत्येक वेळी २. म्हणजे वर्गांचं अख्खं कोष्टक गुणाकाराला हात न लावता नुसत्या बेरजांवर उभं राहतं, आणि बेरीज चाकांना जमते. सरकारनं पैसा ओतला, काम रखडलं, १८४२मध्ये सरकारनं हात काढून घेतला. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमनं यंत्र पुरं केलं ते १९९१मध्ये. योगायोग म्हणा, त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला.

त्याच सुमारास मी औरंगाबादला अभियांत्रिकीला होतो. प्रयोगशाळेत ८०८५ या चिपचे संच होते. इंटेलची १९७६ची ही चिप, आत साधारण साडेसहा हजार ट्रान्झिस्टर. तिला गुणाकार येत नाही. खरंच येत नाही. बेरीज येते, वजाबाकी येते, आकडा एक घर डावीकडे सरकवता येतो. गुणाकाराची आज्ञाच नाही. सतरा गुणिले सात हवे असतील तर सतरा सात वेळा मिळवायचे, नाहीतर सतराची दुप्पट चौतीस, त्याची दुप्पट अडुसष्ट, आणि तिन्हींची बेरीज एकशे एकोणीस, कारण सात म्हणजे चार अधिक दोन अधिक एक. दुप्पट करणं म्हणजे द्विमानात एक घर सरकवणं, म्हणून ते तिला स्वस्तात पडतं.

सुटीत गावी आलो तेव्हा हे आबांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सतरा साते एकोणिसासे. एवढं पाठ नाही त्या डब्याला?"

"आबा, पाठ करायला जागा लागते. त्याच्याकडे जागा कमी आहे."

"मग मोठा डबा काहून नाही घेतला?"

याचं उत्तर देता देता मी चिपवरून आठ-चार-दोन-एकवर आलो आणि तिथे आबांनी मला गाठलं. जुना रुपया त्यांनी ओसरीवर मांडूनच दाखवला. अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची, आणि आणा. प्रत्येकी एकच नाणं घ्या, एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंत कुठलीही रक्कम बसते. तेरा आणे? अधेली आहे, पावली आहे, चवली नाही, आणा आहे. आहे, आहे, नाही, आहे. हेच संगणकात ११०१. आमच्या संचावर नऊनंतर ए, बी, सी करत एफपर्यंत कळा होत्या, सोळाव्याला पुढचं घर. आबा म्हणाले, "पंधरा आण्यापर्यंत आकडे अन् सोळाव्याला रुपया. यात तुमच्या कॉलेजनं नवं काय शिकवलं?" १ एप्रिल १९५७ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला, त्याचा राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं असा सहा वेळा अर्धा होऊन एका पैशावर येणारा चौसष्ट पैशांचा रुपया शंभराचा झाला, आणि शंभर दोनदा अर्धे केले की पंचवीसवर अडतात. माझ्या मते राग अगदीच अनाठायी नव्हता, पण शाळेतल्या पोरांच्या बाजूनं विचार केला तर दशमानच बरं.

पाठ करणारा डबा होता, हे मला पुढे वाचनात सापडलं. आयबीएमनं १९५९मध्ये काढलेला १६२० हा संगणक. १९६३मध्ये तो कानपूरच्या आयआयटीत आला आणि तिथे राजारामन आणि केशवन यांच्यासारख्यांनी कित्येकांना त्याच्यावर प्रोग्रॅमिंग शिकवलं. त्याच्या थोडं आधी, १९६०मध्ये, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूनं टिफ्रॅक हा संगणक स्वतःच्या हातांनी बांधून चालू केला होता. पण आबांना आवडला असता तो १६२०च. पैसे वाचवायला त्याच्या पहिल्या आवृत्तीत बेरजेचं मंडलच ठेवलं नव्हतं! स्मृतीत शंभर अंकांचा बेरजेचा तक्ता आणि दोनशे अंकांचा गुणाकाराचा तक्ता भरायचा. सात आणि आठ आले की त्या घरात जाऊन उत्तर उचलायचं. त्याला बेरीज येत नाही आणि तो प्रयत्नही करत नाही, अशी त्याची थट्टा चालायची.

त्यात एक धोका होता. एडव्हॅक या संगणकावरील १९४५च्या मसुद्यात फॉन नॉयमननं जी मांडणी लिहिली, तिच्यात आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत राहतात. आजही बहुतेक संगणक त्याच वळणाचे. १६२०च्या तक्त्यांनाही त्याच स्मृतीत घरं. एखाद्या प्रोग्रॅमनं चुकून त्या घरांत दुसरं काही लिहिलं, की यंत्र न कुरकुरता चुकीच्या बेरजा करत राहायचं.

आबांकडे याचीही गोष्ट होती. अडतीवर एक नवा पोरगा लागला, पाढ्यांत तरबेज. पण औटकीत एका ठिकाणी त्याची जीभ चुकीची वळली होती. तेरा औट साडेपंचेचाळीस, तो साडेशेहेचाळीस म्हणायचा. तेरा नग आणि साडेतीनाचा भाव असा योग रोज थोडाच येतो? कित्येक महिने खतावणी जुळत होती. एका दिवाळीला रुपया चढला आणि सापडेना. शेवटी आबांनी त्याला समोर बसवून परवचा म्हणायला लावला, तेव्हा चोर सापडला.

ही गोष्ट ऐकल्यावर फार दिवस गेले नाहीत तोच १९९४मध्ये इंटेलच्या पेंटियमची भानगड निघाली. भागाकार वेगानं व्हावा म्हणून त्या चिपमध्ये एक तक्ता कोरला होता. त्यातली १०६६ घरं भरायची होती, पाच रिकामी राहिली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करत होते, त्यांना उत्तरात फरक दिसला. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागलं की १.३३३८२०… यायला हवं, चिप १.३३३७३९… सांगे. चिपा बदलून देण्यासाठी इंटेलला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागले. आबांना ही बातमी मी रंगवून सांगितली. त्यांची एकच शंका, "परवचा म्हणून घेतला नव्हता का?" घेतला होता, पण पाच घरं इतकी कोपऱ्यात होती की नेहमीच्या चाचण्यांना ती लागलीच नाहीत.

आता बेरजा-गुणाकार इतके स्वस्त झालेत, की पाठ करण्यापेक्षा करून टाकणं पुष्कळदा परवडतं. महाग झाली आहे ती ये-जा. सेकंदाला तीन अब्ज ठोके टाकणारा प्रोसेसर मुख्य स्मृतीतून एक आकडा आणायला शंभराहून अधिक ठोके थांबू शकतो. आबांच्या पेढीवरही हेच होतं. जिभेवरचं तत्काळ, मांडीवरच्या रोजकीर्दीतलं क्षणात, आणि माळ्यावरच्या मोडी दप्तराला शिडी लावावी लागे. जवळ थोडं आणि चपळ, लांब पुष्कळ आणि सुस्त, ही उतरंड संगणकात मुद्दाम घडवावी लागली. मॉरिस विल्क्सनं १९६५मध्ये प्रोसेसरच्या जवळच्या छोट्या स्मृतीची कल्पना मांडली, आणि १९६८मध्ये आयबीएमच्या ३६०/८५ यंत्रात कॅश म्हणून ती बाजारात आली. जवळच्या घरात काय ठेवायचं आणि काय हुसकावायचं, यावर अजून प्रबंध लिहिले जातात.

पाढे मात्र संपलेले नाहीत. हल्लीची भाषेची प्रचंड मॉडेलं घरच्या यंत्रावर मावावीत म्हणून त्यांतले अब्जावधी आकडे चार-चार बिटांत दाबून बसवतात. चार बिट म्हणजे सोळाच किमती. काही पद्धतींत तो चार बिटांचा आकडा स्वतः किंमत नसतोच. सोळा नगांच्या एका छोट्या तक्त्यातला तो फक्त क्रमांक असतो, आणि खरी किंमत यंत्र त्या घरातून उचलतं. तो तक्ता प्रोसेसरच्या अगदी उशाशी ठेवतात.