वहीतले साल

'लॉग' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकडी फळी बांधून जुने इंग्रज खलाशी ती जहाजामागे पाण्यात सोडीत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या, त्यावरून वेग कळे. तो वेग ज्या वहीत लिहायचा ते लॉगबुक. आपल्या दुकानदाराची कीर्दच म्हणा, फक्त खाऱ्या पाण्यातली.

हाच शब्द पुढे संगणकात आला. अनेकांची कामे एकाच वेळी करणारा सर्व्हर रात्री अडीच वाजता बंद पडला, तर साक्षीदार कोण? त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या ओळी.

१९८०च्या दशकात अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन ई-मेल पोहोचवणारा 'सेंडमेल' हा प्रोग्रॅम लिहीत होते. तोवर प्रत्येक प्रोग्रॅम आपली नोंद मर्जीप्रमाणे कुठेतरी ठेवी. ऑलमन यांनी 'सिसलॉग' नावाचा सामाईक कारकून नेमला. प्रोग्रॅमने फक्त मजकूर द्यायचा आणि तो कोणत्या खात्याचा, किती निकडीचा ते सांगायचे. तो कुठे लिहायचा हे कारकून पाहील. निकडीच्या पायऱ्या आठ. शून्य म्हणजे सगळे कोलमडले, सात म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच उपयोगाची बारीकसारीक माहिती.

सर्व्हर सांभाळणाऱ्याचे कसब इथे लागते. सगळेच लिहून घेतले तर डिस्क भरते आणि कामच थांबते. कमी लिहिले तर ऐन वेळी हवी तीच ओळ नसते. म्हणून जुन्या वह्या ठरावीक मुदतीने बाजूला काढायच्या, काही काळाने पुसायच्या, आणि एक प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहायची. कारण चोर आत शिरला की आधी वहीचे पान फाडतो.

या सिसलॉगची एक गोष्ट मला विशेष भावली. त्याच्या जुन्या नोंदीत महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद सगळे असे, साल नसे! मराठेशाहीचे कागद चाळणाऱ्यांना हे दुखणे ओळखीचे आहे. मोडी पत्रात 'छ' लिहून चंद्राची तारीख, पुढे रबिलावल किंवा जमादिलाखर असा हिजरी महिना, आणि साल पुष्कळदा नाहीच. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही. पुढच्या संशोधकांना मात्र जंत्र्या उघडून, पत्रातल्या मोहिमांचा माग काढून ते ठरवावे लागले. (आमच्या घरच्या ईदेचे महिने पेशव्यांच्या कारकुनाच्या बोरूतून उतरलेले पाहून मला आजही बरे वाटते, हे जाता जाता.) सिसलॉगची ही रीत २००१ मध्ये रीतसर लिहून काढली गेली, तेव्हाही साल नव्हते. ते आले २००९च्या नव्या मानकात.

आता दुसरा कारकून. 'जावा' भाषेतल्या प्रोग्रॅमांसाठी चेकी ग्युल्चू यांनी 'लॉगफोरजे' ही लायब्ररी सुरू केली. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. कोणत्याही प्रोग्रॅमला जोडून घेता येईल असा तयार संच. पुढे ती अपाची प्रतिष्ठानाकडे आली आणि काही स्वयंसेवक ती सांभाळू लागले. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत एक जादा हुशारी होती. मजकुरात विशिष्ट खूण दिसली की ती तिचा अर्थ लावी आणि सांगितलेल्या ठिकाणाहून, अगदी परक्या सर्व्हरवरूनही, हवे ते आणून घेई. म्हणजे कारकून लिहिता लिहिता लिहिलेल्याचे हुकूम पाळू लागला. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी चीनच्या अलिबाबा कंपनीतून अपाचीला हे कळवले गेले. डिसेंबरमध्ये जगाला समजले. 'माइनक्राफ्ट' या खेळातल्या गप्पांत एक ओळ टाकली तरी खेळाचा सर्व्हर ताब्यात घेता येत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण पडले.

दुरुस्ती लगेच निघाली. पण ही लायब्ररी आपल्याकडे आहे की नाही, हेच अनेकांना सांगता येईना. ती कोणी मुद्दाम बसवलेली नव्हती. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात ही. डिसेंबर सरेपर्यंत २.१५, २.१६, २.१७ अशा आवृत्त्या पाठोपाठ आल्या, आणि नाताळच्या सुट्टीत माणसे सर्व्हर धुंडाळत बसली. घुसखोर येऊन गेला का, हे पाहायला त्यांना उघडावी लागली ती पुन्हा लॉगचीच वही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)