गुराख्याचे स्तोत्र

नागपूरहून पूर्वेला निघालेली गाडी तुमसर मागे टाकून गोंदियाला येते आणि पुढे दरेकशाचा डोंगर ओलांडून राजनांदगाव गाठते. १८९३ साली याच मार्गावर नारायण वामन टिळकांना एक गोरा मिशनरी भेटला. त्याच्याशी गोष्टी झाल्या, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. मला आज सांगायचे आहे ते एका सहा कडव्यांच्या जुन्या गाण्याविषयी.

बायबलातील १५० स्तोत्रांपैकी हे तेविसावे. ज्यू परंपरा ते दावीद राजाचे मानते. आणि हा राजा मूळचा मेंढरे राखणारा पोर! देवच आपला गुराखी, तो कुरणात चारतो, पाण्यावर नेतो, अंधाऱ्या दरीत हातातल्या काठीने धीर देतो, असा त्याचा आशय. शब्बाथच्या जेवणाला अनेक ज्यू घरांत ते म्हणतात; ख्रिस्ती लोक बहुधा मृताला निरोप देताना. एकाच्या ताटापाशी, दुसऱ्याच्या थडग्यापाशी!

कोकणातल्या बेने इस्राएलांची, आपल्या शनवार तेल्यांची, गोष्ट आणखी निराळी. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, उरली ती ‘शमा’ ही एक प्रार्थना. पुढे १८३२ साली मुंबईच्या जॉन विल्सन या स्कॉट मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत लिहिले. दाविदाची भाषा दाविदाच्या वंशबांधवांना स्कॉटलंडच्या माणसाने मराठीतून शिकवावी, याला काय म्हणावे?

१८४५ साली नागपुरास आलेल्या हिस्लॉप साहेबांच्या चर्चमध्ये त्या काळी मुख्यतः ही स्तोत्रेच गात, १६५० च्या छंदोबद्ध पोथीतून. त्याच वळणाने विलायती चालीही मराठी देवळांत आल्या. टिळकांच्या कानाला त्या खटकत. त्यांनी अभंग आणले, कीर्तन आणले, आणि मराठी ख्रिस्ती माणूस टाळ-चिपळ्यांवर गाऊ लागला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावी हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले. त्या १९२२ त वारल्या, ग्रंथ १९२४ साली निघाला.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गोवारी गायगोधन खेळतात, बासरी वाजते, सजवलेल्या गाई गावातून फिरतात. काठी कशासाठी असते हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नाही.